रत्नागिरीत मुक्काम करताना: प्रथमच येणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

मुंबई, पुणे किंवा कोल्हापूरहून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक पर्यटकांच्या लेखी रत्नागिरी म्हणजे गाडीतून उतरून गणपतीपुळ्याची एसटी धरण्याचे ठिकाण. शहराच्या वाट्याला फार तर थिबा राजवाड्यासमोरचा अर्धा तास आणि परतताना घेतलेली आंब्याची पेटी एवढेच येते. वास्तविक काळ्या आणि पांढऱ्या वाळूचे दोन वेगवेगळे किनारे, काजळी नदीचे खाडीमुख, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेला किल्ला, पहाटेपासून गजबजणारे मासेमारी बंदर आणि पाठीशी मैलोन्‌मैल पसरलेला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे कातळी पठार, हे सगळे या शहरात किंवा त्याला लागूनच आहे. उत्तरेचा आरे-वारेचा किनारा आणि दक्षिणेचा पावस-पूर्णगडचा पट्टा येथूनच सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगा आहे. म्हणून गणपतीपुळ्यात मुक्काम करून रत्नागिरी धावती पाहण्यापेक्षा रत्नागिरीत तीन रात्री राहून गणपतीपुळे एका दिवसात करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. येथील दिवसाची आखणी हॉटेलच्या नाश्त्याच्या वेळेवरून न करता भरती-ओहोटी आणि ऋतू पाहून करावी लागते, आणि पुढचे सारे विवेचन त्याच अंगाने केले आहे.

आधी महिना ठरवावा

रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. समुद्रकिनारे हाच मुख्य हेतू असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम होय. हवा कोरडी असते, पाणी निवळलेले असते, थंडी बोचत नाही आणि किनाऱ्यावर पाहुणे कुरव व सुरय पक्ष्यांचे थवे उतरलेले असतात. हापूससाठी यायचे असेल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा आणि मेचा पहिला पंधरवडा धरावा. परंतु तेव्हा उकाडा आणि घामाची तयारी ठेवावी, कारण तापमान ३३-३४ अंशांच्या पुढे फारसे गेले नाही तरी हवेतील दमटपणा माणसाला दुपारी अकरानंतर बाहेर पडू देत नाही.

पावसाळ्यात येऊच नये, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अर्धाच मान्य आहे. पोहण्यासाठी, होडीसाठी आणि ताज्या मासळीसाठी जून-जुलै निरुपयोगी असतात, कारण समुद्र खवळलेला असतो आणि या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर शासनाची बंदी असते. पण सडा पाहायचा असेल तर तो पावसातच पाहावा. उन्हाळ्यात करपलेला, तव्यासारखा तापणारा हाच कातळ पहिल्या सरींनंतर आठवडाभरात हिरवा होतो, आणि पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर फुलांचे गालिचे पसरतात.

दोन काळ मात्र नवख्याने कटाक्षाने टाळावेत. गणेशोत्सवात लाखो चाकरमानी गावी येतात आणि रेल्वेचे आरक्षण खुले होताच काही मिनिटांत संपते. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत राहण्याचे दर वाढतात व गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. शिमगा हा तिसरा गर्दीचा काळ असला तरी पालख्या नाचवण्याचा सोहळा पाहण्याची आवड असेल तर ती गर्दी सोसण्यासारखी आहे.

पोहोचणे

रेल्वे हा सर्वांत कमी दगदगीचा मार्ग आहे. मुंबईहून कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तुतारी, तेजस आणि २०२३ पासून वंदे भारत अशा गाड्या रत्नागिरीला थांबतात. दिवसाची गाडी घेतल्यास सह्याद्रीच्या कुशीतून जाणारा मार्ग डोळ्यांनी पाहता येतो, म्हणून रात्रीचा प्रवास वेळ वाचवत असला तरी पहिल्या खेपेस दिवसाच यावे. संगमेश्वर आणि उक्षी ही स्थानके मागे पडल्यावर गाडी करबुडे बोगद्यात शिरते. सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा हा कोकण रेल्वेवरील सर्वांत लांब बोगदा असून तो संपला की भोके आणि त्यानंतर रत्नागिरी येते. तेव्हा बोगद्यातच सामान आवरायला घ्यावे. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळे, कमी वेगाचे वेळापत्रक लागू करते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच्या प्रवासासाठी गाडीची वेळ नव्याने तपासावी, जुन्या तिकिटावरून अंदाज बांधू नये.

स्थानक शहराबाहेर कुवारबाव येथे आहे आणि मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत सहा-सात किलोमीटरचे अंतर आहे. रिक्षा मीटरवर चालत नाहीत, म्हणून बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. स्थानकाबाहेरच्या मुख्य रस्त्यावरून शहराकडे जाणाऱ्या एसटी बसही मिळतात आणि एकट्या प्रवाशाला त्या फार स्वस्त पडतात.

रस्त्याने येणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर हातखंबा तिठ्याला वळावे. कोल्हापूरकडून येणारी वाट आंबा घाटातून उतरून येथेच मिळते. कोल्हापूर ते रत्नागिरी हे अंतर सुमारे १३० किलोमीटर आहे. पावसाळ्यात घाटात धुके इतके दाट असते की पुढच्या गाडीचा मागचा दिवाही दिसत नाही, म्हणून त्या महिन्यांत अंधार पडण्यापूर्वी घाट उतरावा.

मुक्काम कोठे करावा

शहराची रचना समजून घेतली की हा प्रश्न आपोआप सुटतो. पूर्वेकडून शिरल्यावर कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ आणि बसस्थानक अशी एकाच मुख्य रस्त्यावरची ओळ लागते. पुढे रामआळी आणि गोखले नाका ही जुनी बाजारपेठ आहे, आणि तेथून उतरत गेले की मांडवीचा किनारा येतो. स्वतःचे वाहन नसेल तर जयस्तंभ ते गोखले नाका या टप्प्यात राहावे. तेथून मांडवी पायी गाठता येते, बसस्थानक हाकेच्या अंतरावर असते आणि रात्री जेवायला बाहेर पडणे सोपे जाते. वाहन असेल तर खाडीपलीकडचे भाट्ये अधिक शांत आहे. समुद्र दिसणाऱ्या खोलीसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी खोलीतून नेमका किती समुद्र दिसतो, हे फोनवर विचारून घेतलेले बरे.

भरती-ओहोटीचे गणित

आता खरी मेख. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी होते. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण तासाहून किंचित अधिक पुढे सरकते. मोबाइलवर तक्ते मिळतात, परंतु दिनदर्शिका हाताशी असेल तर कोकणातला जुना ठोकताळा पुरेसा आहे. त्या दिवसाच्या तिथीची पाऊणपट करावी. येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी सव्वानऊच्या आसपास ओहोटी. अष्टमीला भरती सहा वाजता येते, म्हणजे ओहोटी भर दुपारी. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्ही दिवशी पंधरा हा आकडा धरावा, की भरती सव्वाअकराला येते. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण सहलीची आखणी करायला तेवढी अचूकता चालते.

याचा उपयोग असा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत येऊन उधाणाची भरती होते. पाणी अधिक चढते, आणि तितकेच अधिक उतरतेही. त्या दिवसांत पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास येते, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमारास किनारा सर्वांत रुंद असतो आणि एरवी पाण्याखाली असलेले खडक उघडे पडतात. याच्या उलट अष्टमीच्या भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे मागे हटत नाही आणि संध्याकाळी भरती पायरीला टेकलेली असते. कोणत्याही पंधरवड्यात तारखा निवडण्याची मोकळीक असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि तिच्या पुढचे दोन-तीन दिवस निवडावेत. उजेडाच्या मोहाने पौर्णिमाच हवी असे नाही, अमावास्येलाही समुद्र तितकाच उतरतो आणि गर्दी मात्र कमी असते.

पहिला दिवस: शहरातले किनारे

सकाळी लवकर उठणे जमत असेल तर आरंभ मिरकरवाडा बंदरापासून करावा. रात्री गेलेल्या नौका परततात, टोपल्या उतरतात आणि लिलाव उभ्या उभ्या होतो. चपला भिजतील आणि कपड्यांना वास लागेल, हे गृहीत धरून जावे. काम करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये आणि माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बंदरावर घिरट्या घालणाऱ्या तांबूस पाठीच्या, पांढऱ्या डोक्याच्या ब्राह्मणी घारी येथे जितक्या जवळून दिसतात तितक्या क्वचितच कोठे दिसतील.

बंदराच्या डोक्यावर रत्नदुर्ग उभा आहे. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा किल्ला बहामनी काळातला असून १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून जिंकून घेतला. गाडी बालेकिल्ल्याजवळ जाते. आत भगवती देवीचे मंदिर आहे, आणि समोरच्या टेकडीवर १८६७ सालचे दीपगृह आहे, जे दुपारनंतर ठरावीक वेळेतच पाहू देतात. तटावरून फिरताना दोन्ही बाजूंना नजर टाकावी. दक्षिणेला मांडवीची काळी वाळू आणि उत्तरेला मुरुगवाड्याकडची पांढरी वाळू, म्हणजे स्थानिकांच्या बोलीतले काळा समुद्र आणि पांढरा समुद्र. मध्ये केवळ हा एक डोंगर आहे. काळ्या वाळूत लोह आणि टायटॅनियमयुक्त जड खनिजे असतात. लहान मुले बरोबर असतील तर एखादे साधे लोहचुंबक खिशात ठेवावे आणि कोरड्या काळ्या वाळूतून फिरवावे. त्याला चिकटणारे काळे कण म्हणजे मॅग्नेटाइट. तेवढ्याच आकाराचे जे काळे कण खाली राहतात त्यांत इल्मेनाइटचा भरणा असतो. पांढऱ्या वाळूत मात्र शिंपल्यांच्या चुऱ्याचे प्रमाण मोठे असते. पांढऱ्या समुद्राकडून मिऱ्यापर्यंतचा किनारा गेल्या अनेक वर्षांत लाटांनी बराच खाल्ला आहे आणि तेथे दगडी बंधारे घालावे लागले आहेत, म्हणून जुन्या छायाचित्रांतली रुंद पुळण पाहायला मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

दुपार छपराखाली घालवावी. थिबा राजवाडा त्यासाठी सोयीचा आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. १९१० च्या सुमारास हा राजवाडा बांधून झाला आणि तेथे उणीपुरी सहा वर्षे राहून डिसेंबर १९१६ मध्ये तो याच शहरात वारला. आता येथे शासनाचे संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असते. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आणि १९३१ मध्ये भागोजीशेठ कीर यांनी उभारलेले पतितपावन मंदिर हीदेखील जवळच आहेत. समुद्री जीवांची आवड असणाऱ्यांनी कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्यालय चुकवू नये, तेथे देवमाशाचा अजस्र सांगाडा मांडलेला आहे.

संध्याकाळी ओहोटी असेल तर भाट्ये गाठावे, भरती असेल तर थिबा पॉइंट. भाट्ये म्हणजे काजळी नदीच्या पुलापलीकडचा सरळसोट किनारा. मागे सुरूचे बन, पुढे ओहोटीच्या वेळी घट्ट, सपाट होणारी वाळू आणि टोकाला झरी विनायकाचे मंदिर. वाळूवर नखाएवढ्या खेकड्यांनी उकरून काढलेल्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली असते; स्थिर उभे राहिल्यास मिनिटभरात ते पुन्हा बाहेर येऊन कामाला लागतात. खाडीच्या तोंडाशी मात्र गाळाचे उंचवटे सतत जागा बदलतात. ओहोटीत पाणी गुडघाभर दिसते म्हणून पलीकडच्या राजिवड्याकडे चालत जाण्याचे साहस कोणी करू नये, कारण भरती फिरली की तेथील प्रवाहाची ओढ माणसाला उभे राहू देत नाही. थिबा पॉइंटवरून हेच खाडीमुख, पूल आणि माडांची रांग एका नजरेत दिसते, आणि त्यासाठी पाणी भरलेले असणेच उत्तम.

दुसरा दिवस: उत्तरेची वाट

गणपतीपुळ्याला जाण्याचे दोन रस्ते आहेत. महामार्गावरून निवळीमार्गे जाणारा रस्ता लांबचा आहे. शिरगाव, साखरतर, बसणी, आरे, वारे, नेवरे आणि भंडारपुळे असा सुमारे पंचवीस किलोमीटरचा किनाऱ्याकाठचा रस्ता घ्यावा. तोच पाहण्याचा भाग आहे, गणपतीपुळे त्याचे निमित्त. शिरगाव-साखरतरच्या खाडीत दाट कांदळवन आहे. ओहोटीच्या वेळी पुलाच्या कडेला गाडी सुरक्षित उभी करून पाहिले तर चिखलातून वर आलेली कांदळाची श्वासमुळे आणि त्यांमधून फिरणारे बगळे, खंड्या आणि वंचक दिसतात.

आरे आणि वारे हे जोडकिनारे आहेत. रस्ता सड्यावर चढतो आणि एका वळणावर दोन्ही बाजूंचे दोन चंद्रकोरी किनारे खाली दिसतात. येथे सकाळी साडेआठपूर्वी पोहोचावे, सुट्टीच्या दिवशी नंतर गाडी उभी करायलाही जागा मिळत नाही. देखणेपणात हा किनारा जिल्ह्यात पहिल्या रांगेतला आहे आणि पोहण्याच्या दृष्टीने तितकाच दगाबाज. वरून पाहावा, वाळूवर चालावा, पाण्यात घोट्यापलीकडे जाऊ नये.

गणपतीपुळ्याचे मंदिर समुद्राला अगदी लागून आहे आणि मागचा डोंगर हाच देव मानला जात असल्याने प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. ती सुमारे एक किलोमीटरची, फरसबंद आणि झाडीतून जाणारी आहे. दर्शनाच्या रांगेपेक्षा तीच मनात राहते. तेथून जवळच मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव असून त्यांचे स्मारक पाहण्यास तासभर पुरतो. जयगडचा किल्ला आणि दीपगृह नकाशावर जवळ वाटतात, पण ते याच दिवशी कोंबू नयेत. परतताना आरे-वारेला सूर्यास्त गाठणे अधिक मोलाचे आहे.

तिसरा दिवस: दक्षिणेचा किनारा आणि सडा

भाट्ये पूल ओलांडून फणसोप, गोळप, पावस अशी वाट धरावी. चढ संपला की सडा सुरू होतो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे पठार. मूळच्या काळ्या पाषाणातली इतर द्रव्ये लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरून हा लालसर, सच्छिद्र कातळ तयार झाला. माती जवळजवळ नाहीच. हापूसची कलमे लावण्यासाठी येथे सुरुंगाने खड्डे पाडून त्यात बाहेरून आणलेली माती भरावी लागते, हे पाहिल्यावर पेटीचा दर थोडा कमी अन्याय्य वाटू लागतो.

पावसाळ्यात आलेल्यांना सड्यासाठी लांब जाण्याचेही कारण नाही, शहराला खेटून असलेल्या चंपक मैदानावरच त्याची ओळख होते. जूनच्या पहिल्या पावसानंतर दिपकाडीचे उंच दांडे कातळाच्या भेगांतून वर येतात आणि त्यांवर पांढरी फुले उमलतात. ही वनस्पती कोकणच्या सड्यांखेरीज जगात इतरत्र सापडत नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवे आणि गेंद यांचे निळे-पांढरे ताटवे पसरतात. सीतेची आसवे ही कीटकभक्षी असून कातळातल्या उथळ पाण्यात राहणारे सूक्ष्म जीव पकडून पोषण मिळवते, कारण त्या पाण्यात इतर पोषक द्रव्ये फारशी नसतात. फुलांवर पाय न देता नैसर्गिक वाटांनीच चालावे आणि शेवाळलेल्या कातळावर रबरी तळव्याच्या, चांगल्या पकडीच्या पादत्राणांशिवाय उतरू नये.

हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सड्यावर पाहायची ती कातळशिल्पे. रत्नागिरी, राजापूर, लांजा या तालुक्यांत आणि सिंधुदुर्गात प्राणी, मासे, मानवाकृती आणि न उलगडणाऱ्या भौमितिक रचना कातळात कोरलेल्या सापडल्या आहेत. त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नसले तरी त्यांतील काही दहा हजार वर्षांहून जुनी असावीत, असे मानले जाते. २०२२ मध्ये कोकणातील अशा नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यांपैकी आठ महाराष्ट्रात आणि एक गोव्यात आहे. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी गावोगाव पायपीट करून यातली बरीच शिल्पे उजेडात आणली. नवख्याला उक्षीचा हत्ती पाहणे सर्वांत सोपे आहे, कारण गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन तेथे कठडा घातला आहे. मात्र उक्षी शहराच्या ईशान्येला आहे, तेव्हा त्यासाठी वेगळी सकाळ राखावी. दक्षिणेच्या वाटेवर असाल तर राजापूर तालुक्यातील कशेळी गाठावे. तेथील हत्तीची आकृती सुमारे अठरा मीटर लांब असून तिच्या पोटात कितीतरी लहान प्राणी आणि पक्षी कोरलेले आहेत. गावातील कनकादित्याचे सूर्यमंदिर आणि देवघळीची कड्याखालची पुळण हीदेखील त्याच फेरीत होतात.

शिल्पे नीट दिसण्यासाठी उन्हाचा कोन महत्त्वाचा आहे. माथ्यावर सूर्य असताना उथळ रेषा कातळाच्या रंगात मिसळून जातात आणि मनुष्य दोन फुटांवर उभा राहूनही म्हणतो, येथे काहीच नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर तिरप्या प्रकाशात त्याच रेषांत सावली भरते आणि आकृती जमिनीतून उठून येते. पावसाळ्यात खोबणींत पाणी साचते, त्यानंतर दिवाळीपर्यंत गवत वाढलेले असते, म्हणून डिसेंबर ते मे हा काळ योग्य. रेषा छायाचित्रात उठून दिसाव्यात म्हणून खडू किंवा चुना भरण्याचा प्रकार काही ठिकाणी झालेला आहे. तो कदापि करू नये. आकृतीवर पाय ठेवू नये. सड्यावर मोबाइलचे जाळे दगा देते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि शेवटच्या वाडीत कोणाही वडीलधाऱ्याला ‘काका, चित्रं कुठल्या अंगाला?’ असे विचारावे. बहुधा एखादा मुलगाच सोबत देतील.

परतताना पूर्णगड पाहावा. मुचकुंदी नदीच्या मुखावरचा हा छोटा किल्ला तासाभरात होतो आणि वरून नदी समुद्राला मिळताना दिसते. पुलापलीकडच्या गावखडीच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान वनविभाग आणि स्थानिक कासवमित्र पिल्ले समुद्रात सोडतात, परंतु ती कोणत्या दिवशी बाहेर पडतील हे कासवांवर अवलंबून असल्याने ठरवून पाहता येईलच, असे धरून चालू नये. पिल्लांना हात लावणे आणि त्यांच्यावर विजेऱ्यांचा झोत टाकणे निषिद्ध आहे. पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे आणि जवळच्या गणेशगुळ्याविषयी ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ अशी आख्यायिका आहे. देव गेले असतील, पण गर्दीही त्यांच्याबरोबर गेल्याने गणेशगुळ्याचा किनारा आज बव्हंशी मोकळा मिळतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी

या किनाऱ्यावर दरवर्षी पर्यटक बुडतात आणि त्यांतले बहुतेक पोहता येणारे असतात, म्हणून हा भाग वगळू नये. किनाऱ्यावर आदळलेले पाणी परत जाताना एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत ओढले जाते. असा पट्टा वरून उलट शांत दिसतो, तेथे लाटा कमी फुटतात, आणि नवखा नेमका तेथेच उतरतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नये. दमछाक होते ती तिथेच. किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे आणि ओढ सुटली की मग लाटांबरोबर परतावे. ओहोटी लागलेली असताना, संध्याकाळी सातनंतर, मद्यपान करून आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत पाण्यात उतरूच नये. गावकरी ‘इथे नको’ म्हणाले की वाद घालू नये. जीवरक्षक सर्वत्र नसतात. चारचाकी वाळूवर नेणाऱ्यांचे काय होते, ते दर सुट्टीत भरतीच्या पाण्यात बुडालेल्या एखाद्या गाडीच्या छायाचित्रातून सर्वांना समजत असते, तरी नवी गाडी उतरतेच.

खाणे आणि आंबे

शहरात मासळीच्या खानावळी पुष्कळ आहेत. सुरमई आणि पापलेटचे दर हंगामानुसार भडकतात; बांगडा, सौंदाळे आणि मुळे (एक प्रकारचे शिंपले) कमी खर्चात अधिक समाधान देतात. शाकाहाऱ्यांनी मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी आणि एरवी कुळथाचे पिठले, घावन, सोलकढी यांची चौकशी करावी. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास उकडीचे मोदक मिळतात, आयत्या वेळी ते कोणाकडे नसतात. दुपारी एक ते चार या वेळेत बाजारातली बरीच दुकाने बंद असतात, हेही ध्यानात घ्यावे.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तरी खोक्यावर रत्नागिरी छापलेला प्रत्येक आंबा येथला नसतो. बाजारापेक्षा बागायतदाराकडून घ्यावा आणि पूर्ण पिवळा न घेता हिरवट, देठाशी खड्डा पडू लागलेला घ्यावा, म्हणजे घरी पोहोचून चार-सहा दिवसांत गवताच्या आढीत तो पिकतो. वरून एकसारखा झळाळता पिवळा, पण हाताला टणक आणि वासाला मुका असा आंबा रसायनाने पिकवलेला असण्याची शक्यता मोठी. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा गर निघाला तर तो साका होय; तो बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून पेटीमागे एखादे फळ वाया जाईल, हे धरूनच हिशेब करावा. रेल्वेने नेताना पेटी आसनाखाली हवा लागेल अशी ठेवावी आणि घरी पोहोचल्यावर पहिल्या दिवशीच उघडून आंबे वेगळे करावेत, शीतकपाटात मात्र पिकल्याशिवाय ठेवू नयेत.